ढोलवाल्या बिल्ल्याची मागची बाजू

१

रविवारी दुपारी साडेचारला ढोलवाला बिल्ला निळा चमकला आणि टेलरकाका चोर ठरले. दिवा माझ्या हातात होता. हे आधीच सांगून टाकतो.

थोडं मागून येतो. माझे काका सैनिकी हुद्द्यांचे कापडी बिल्ले जमवतात. बाहीवरच्या फिती, खांद्यावरचे तुकडे, टोपीवरची चिन्हं. सगळी जुन्या, बरखास्त झालेल्या पलटणींची. स्वतः कधी सैन्यात नव्हते. उंची दोन बोटं कमी पडली. मग पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढली आणि सैन्य कपाटात भरती केलं. कपाटाला चौदा उथळ ड्रॉवर. प्रत्येक बिल्ला जाड पुठ्ठ्यावर टाचण्यांनी लावलेला आणि त्याच्या कडेकडेनं पेन्सिलीची बारीक रेघ. बिल्ला जरा सरकला तरी कळावं म्हणून. सगळीकडे डांबराच्या गोळ्या. काकू म्हणायची, यांच्या बनियनलासुद्धा पलटणीचा वास येतो. तिला त्या कपाटाला हात लावायची परवानगी नव्हती. लग्नानंतर आठवड्यातच तिनं धूळ पुसताना एक फीत झटकली होती, तेव्हापासून.

सातव्या ड्रॉवरमध्ये ढोलवाला. बँडच्या हवालदाराचा. लाल बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, त्यावर पांढऱ्या सुती धाग्याच्या तीन फिती आणि वर एवढासा ढोल, हातानं भरलेला. ती पलटण राहिली नाही, तिची कागदपत्रंही नाहीत. हा एकच तुकडा उरला. टेलरकाका म्हणजे काकांचे जुने मित्र. त्यांच्या वडिलांनी तो शिवलेला, ते त्या पलटणीचे शिंपी होते. तीस वर्षांपूर्वी टेलरकाकांनीच तो काकांना दिला. माझ्याकडे कसर खाईल, तुझ्याकडे जगेल, म्हणाले होते.

सहा महिन्यांपूर्वी काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मान हलवायचे, पण हो आणि नाही सारखंच हलायचं. राहिला डावा हात. तेव्हापासून टेलरकाका रोज चारला दुकानाला कुलूप घालून यायचे. काकांची दाढी करायचे, पेपर वाचून दाखवायचे, एक ड्रॉवर काढून एकेक बिल्ला डोळ्यांसमोर धरायचे. काका दिवसभर त्या एका तासाच्या जिवावर असायचे. दुपारचा घाससुद्धा काकूनं "भाऊजी येणारेत हं चारला" असं म्हटल्याशिवाय आत जायचा नाही.

मी मोबाईल दुरुस्त करतो. स्क्रीनचा गोंद सुकवायला जांभळा दिवा लागतो. बिल्ल्यांचं वेड मलाही आहे, नेटवर वाचून वाचून शिकलोय. तिथेच वाचलं की जुना सुती धागा या दिव्याखाली मेल्यासारखा पडून राहतो आणि आजकालचा धागा निळा चमकतो. नक्कल ओळखायची सोपी युक्ती. रविवारी दातांचे डॉक्टर आले होते, तेही जमवतात. त्यांच्यापुढे शायनिंग मारायला मी दिवा घरी नेला. खरं तेच सांगतो.

पडदे ओढले. टेलरकाकाही दाढी अर्धी सोडून बघायला लागले. एकेक ड्रॉवर काढला, सगळे बिल्ले गप्प. चादर आणि काकांची बनियन मात्र एवढी लख्ख उजळली की दादा, म्हणजे काकांचा मुलगा, म्हणाला, बाबा, तुमच्यात लाईट आली. सगळे हसलो. काकाही हसले, अर्ध्या तोंडानं.

मग सातवा ड्रॉवर. तीन फिती आणि ढोल, निळेशार.

कोणी हसलं नाही.

२

पहिले बोलले डॉक्टर. खिशातून भिंग काढलं, बराच वेळ बघितलं. बिल्ला पेन्सिलीच्या रेघेपेक्षा चारी बाजूंनी दोरा-दोरा लहान आहे, म्हणाले. नाकाजवळ धरला. डांबराचा वास नावाला. शेजारचे बिल्ले नाकात जात होते आणि हा जणू कालच ड्रॉवरमध्ये आला होता. धागा नवा, माप चुकलेलं, वास नाही. खरा कोणीतरी नेला आणि त्याच्या जागी हा ठेवला.

दादानं विचारलं, अशी नक्कल करू शकतं कोण?

उत्तर द्यायची गरजच नव्हती. हातानं असं काम करणारा अख्ख्या शहरात एकच माणूस उरला होता आणि तो काकांच्या उशाशी वस्तरा पुसत बसला होता. महिन्यापूर्वीच त्यांनी तो बिल्ला एक दिवसासाठी घरी न्यायला मागितला होता. नातीला पणजोबांचं काम दाखवायचं होतं. काकूनं तेव्हा गोड बोलून टाळलं होतं.

त्यात काकू बोलली. गुरुवारी दुपारपर्यंत बिल्ला खरा होता, हे ती शपथेवर सांगायला तयार होती. आणि गुरुवारी चारला ती औषधं आणायला गेली तेव्हा अर्धा तास घरात काका आणि टेलरकाका, दोघेच. मी विचारलं, गुरुवारी खरा होता हे तुला कसं माहीत? माहीत आहे म्हणजे माहीत आहे, म्हणाली, आणि गॅसवर दूध आहे म्हणत आत गेली.

टेलरकाका उठले. हात पुढे केला.

"एकदा हातात द्या. पालथा करून बघतो, मग सांगतो."

"हातात देऊनच तर हे झालं," दादा म्हणाला.

पुठ्ठा माझ्यासमोर होता. मी तो माझ्याकडे ओढून घेतला. विचार करून नाही, आपोआप झालं ते. टेलरकाकांनी दादाकडे बघितलंच नाही. माझ्या हाताकडे बघितलं. मग वस्तरा डबीत ठेवला, डबी आणि चष्मा घेतला आणि गेले. काकांचा एक गाल तसाच साबणात.

त्याच वेळी काकांचा डावा हात वर उठला. बाथरूमकडे. मी आणि दादानं त्यांना धरून नेलं. काही झालं नाही. आणून झोपवलं.

हात पुन्हा वर. पुन्हा बाथरूमकडे.

३

सोमवारी चार वाजले. काका दाराकडे बघत राहिले. साडेचार. पाच. "भाऊजी येणारेत" हे वाक्य काकूला आता म्हणता येत नव्हतं आणि त्याच्याशिवाय घास जात नव्हता. बुधवारपर्यंत नुसत्या दुधावर आले. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी, हे खऱ्या डॉक्टरांचं सांगतोय, दातांच्या नव्हे, काकूला बाहेर घेऊन सांगितलं की असंच चाललं तर नळी घालावी लागेल.

मला झोप लागेना. दिवा मी लावला होता, म्हणून तपासही मीच करायचा ठरवलं. पोलिसांत जायचं नाही, घरातली गोष्ट घरात, असं दादानं आधीच जाहीर केलं होतं.

आधी दातांचे डॉक्टर. ते कोणाचा तरी जबडा उघडा ठेवूनच माझ्याशी बोलले. हो, त्यांना तो बिल्ला हवा होता. तीनदा अदलाबदल मागितली, तिन्ही वेळा काकांनी हाकलून दिलं. पण रविवारखेरीज ते आमच्या घरी येत नाहीत आणि बिल्ला गेला गुरुवारी. सुटले.

मग दादा. कपाटाची किल्ली काकांच्या पलंगावरच्या खिळ्याला असते, घरातला कोणीही घेऊ शकतो. दादाला ते कपाट नकोच आहे. खोलीत व्हीलचेअर वळत नाही, हे तो आल्यागेल्याला सांगतो. पण त्या आठवड्यात बुधवार ते शनिवार तो ऑफिसच्या कामाला बाहेरगावी होता. बसचं तिकीट माझ्या तोंडावर फेकलं. "मला तपासतोस? त्या दोऱ्यावाल्याला तपास."

काकांनाही विचारलं. टेलरकाकांनी नेला का? काकांनी मान भिंतीकडे वळवली. दादा म्हणाला, बघ, मित्राचं नावसुद्धा ऐकवत नाही त्यांना. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आणि काकांचा हात पुन्हा बाथरूमकडे. दिवसातून दहा-दहा वेळा. काकू कंटाळली नाही. प्रत्येक वेळी उचलायची, न्यायची, आणायची. मी तिला एकदा कण्हताना ऐकलं, पण मी बघतोय म्हटल्यावर हसली.

उरले टेलरकाका. त्यांच्या दुकानात जायला मला दोन दिवस लागले.

४

मशीन चालू होतं. मी आत गेलो तरी थांबलं नाही. मी स्टुलावर बसलो, सरळ विचारलं. गुरुवारी त्या अर्ध्या तासात काय झालं?

शर्टाच्या बाह्या सुईखालून सरकत राहिल्या. मी म्हटलं, काका जेवत नाहीत. तेव्हा मशीन थांबलं. किती दिवस, विचारलं. चार, म्हटलं. त्यांनी कापड बाजूला केलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाटलं, आता कबूल करणार.

"माझ्यावर आळ घे," ते म्हणाले. "मापावर घेऊ नको. साठ वर्षं टेप गळ्यात आहे."

आणि मशीन पुन्हा चालू.

मी उठलो. रस्त्यात माझी खात्री पटत गेली की हा माणूस बोलणं टाळतोय. चिडलो होतो. खरं तर माझ्या हाताकडे त्यांनी पुन्हा एकदा बघितलं होतं, त्याचा राग होता तो.

शनिवारी माझ्या काउंटरवर पांढऱ्या शर्टातला एक माणूस आला. स्क्रीन बसवली, गोंद लावला, दिवा धरला. तो फोन घ्यायला पुढे वाकला आणि त्याची बाही दिव्याखाली आली.

निळीशार. तोच निळा, ढोलवाल्याचा.

आता ती बाही काही कोणाची नक्कल नव्हती.

५

मी शटर ओढून घरी आलो. माझ्याकडे एक साधी फीत जास्तीची होती, ढोलवाल्याच्याच काळातली, लोकरी कापडावर सुती धागा. दिव्याखाली धरली, मेलेली. कात्रीनं मधोमध कापली. एक तुकडा तसाच ठेवला. दुसरा बाथरूममध्ये नेला, काकूच्या बादलीत कोमट पाण्यात कपड्यांची पावडर टाकून चोळला, उन्हात टाकला, इस्त्री फिरवली. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून दिवा लावला.

धुतलेला चमकला. पावडरमध्ये पांढरं उजळ दिसायला जे घालतात ते धाग्याला धरून बसतं. काकांची बनियन रविवारी त्यानंच उजळली होती आणि आम्ही हसलो होतो. मी नेटवरची अर्धी ओळ वाचली होती, उरलेली अर्धी या बादलीत होती.

तुकडे एकमेकांवर ठेवले. धुतलेला दोराभर आटला होता. नाकाजवळ धरला. डांबराचा वास नावाला.

धागा, माप, वास. टेलरकाकांविरुद्धचे तिन्ही पुरावे एकाच बादलीतून निघाले. आणि मग त्यांचं ते वाक्य आठवलं. साठ वर्षं टेप गळ्यात असलेला माणूस नक्कल करेल आणि मापात चुकेल? तोंडावर सांगितलं होतं त्यांनी मला. मी मात्र कबुलीची वाट बघत होतो.

बिल्ला बदललाच नव्हता. बिल्ला धुतला होता.

कोणी, हे विचारायची हिंमत होईना. काकांच्या पलंगावरून बाथरूमचं दार सरळ समोर दिसतं.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होती. मी शेजारी बसून टॉवेल घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, फिजिओवाली काकांच्या हातात काहीतरी धरायला दे म्हणाली होती ना, तू काय देतेस?

तिनं काकांच्या खोलीकडे एकदा बघितलं. मग आवाज खाली करून म्हणाली, कोणाला सांगू नकोस. आवडीची वस्तू द्या म्हणाली होती, म्हणून गुरुवारी सकाळी तिनं किल्ली घेतली, ढोलवाला काढून त्यांच्या उजव्या हातात दिला. बोटं मिटली त्यांची त्याच्यावर, सहा महिन्यांत पहिल्यांदा. ती एवढी खूश झाली की तिच्या हातातला दुधाचा कप कलंडला. बिल्ल्यावर.

"दोन मिनिटं पावडरच्या पाण्यात खंगाळला, वाळवला, इस्त्री केली, होता तसा टाचला. डाग राहिला नाही," ती म्हणाली. "माझ्या हातानं लावला ना मी. म्हणून तर सांगते, गुरुवारी दुपारी तो खराच होता. नंतर त्या मेल्यानं नेला."

तिच्या डोळ्यांत काही लपवल्याचं नव्हतंच. मनापासून मानत होती ती.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकांचा हात वर गेला, बाथरूमकडे, आणि ती घडी टाकून धावली.

६

तेव्हाच का बोललो नाही? कारण एकदा पुराव्याशिवाय बोलून बघितलं होतं. म्हटलं, आधी पक्कं करू. बिल्ला पाकिटात घातला आणि टेलरकाकांकडे गेलो.

या वेळी मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी पुढची बाजू बघितलीच नाही. पालथा केला, ढोलाच्या मागे अंगठा फिरवला आणि तिथेच थांबला तो अंगठा. मला दाखवलं. पांढऱ्या टाक्यांमध्ये एक तपकिरी गाठ. वडिलांचा पांढरा धागा शेवटच्या चार टाक्यांना संपला, म्हणाले, आणि सकाळी परेड होती. बटणाच्या धाग्यानं गाठ मारली. पलटणीत कोणाला कधी कळलं नाही. हे ठाऊक असलेली दोनच माणसं, टेलरकाका स्वतः आणि काका.

म्हणजे रविवारी पुठ्ठा मी ओढून घेतला नसता तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं.

धुतला कोणी, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. दूध, बादली, इस्त्री, सगळं. ऐकता ऐकता ते बोटानं बनात चाचपत होते. इस्त्री चांगली केलीय, म्हणाले. एवढंच.

मी म्हटलं, चला. आत्ता. काकूला सांगतो, दादाला सांगतो, तुम्ही चारला या. ते हलले नाहीत.

"वहिनीच बोलल्या ना, गुरुवारपर्यंत खरा होता म्हणून?"

हो म्हटलं.

"मग सांगू नको त्यांना."

मी वाद घातला. बराच घातला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं. काका आता त्या बाईच्या दोन हातांवर चाललेत. उचलणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं. एकदा तिला कळलं की त्या हातांनी नवऱ्याचा जीव की प्राण बिल्ला बिघडला आणि त्याच तोंडानं नवऱ्याच्या मित्राला चोर ठरवलं, की ती काकांना हात लावताना कचरेल. रोज कचरेल. आणि काकांना ते कळेल, कारण कळतं सगळं त्यांना, बोलता येत नाही एवढंच.

मग तुमचं काय, मी विचारलं. काकांचं काय? जेवत नाहीत ते.

"ते मला काय विचारतोस," म्हणाले, आणि पहिल्यांदाच आवाज चढला. "दिवा मी लावला?"

बिल्ला पाकिटात घालून माझ्या हातात दिला. काकूला काही न सांगता नुसतं येऊन बसता येईल का, असं मी विचारून बघितलं. म्हणाले, येतो, पण त्या खोलीत मी हात कुठे ठेवू? सगळे माझ्या हातांकडे बघणार.

काकूला सांगणार नाही असा शब्द देऊन मी बाहेर पडलो. घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं होती. मागे वळून बघितलं तर ते मशीनवर नव्हते. वस्तऱ्याची डबी घेऊन दुकानाच्या दारात उभे होते. मग डबी ठेवायला आत गेले.

७

घरी आलो. काकू स्वयंपाकघरात होती. बिल्ला पुठ्ठ्यावर लावला, रेघेच्या आत दोराभर लहान, तसाच. काकांचा हात उठला. बाथरूमकडे.

मी वाकलो, कानाशी म्हटलं, "कळलं मला, काका. धुतलाय. टेलरकाकांनी गाठ बघितली, तपकिरी."

हात हवेतच राहिला. मग हळूहळू खाली आला आणि माझ्या मनगटावर पडला. किती घट्ट धरलं म्हणून सांगू. डोळ्यांतून पाणी, दोन्हीकडून. मला वाटलं, चला, एक तरी गाठ सुटली. त्या दिवशी सहा चमचे पेज गेली. काकू म्हणाली, बघ, आज जरा बरे दिसतात.

त्या दिवसानंतर काकांनी बाथरूमकडे हात केला नाही. गरजेपुरता सोडून.

आता ते दाराकडे करतात. चारच्या सुमाराला. हात उठतो, बाहेरच्या दाराकडे जातो आणि नजर माझ्याकडे. मला कळलंय हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते मलाच सांगतात. आण त्याला. मी फोन हातात घेऊन स्क्रीनचे स्क्रू मोजल्यासारखं करतो. टेलरकाकांना शब्द दिलाय. काकूकडे बघतो, ती काकांच्या पाठीखाली उशी सरकवत असते, अगदी सवयीच्या हातानं, न घाबरता. तोंडाशी आलेलं परत आत जातं. परवा नळीवाल्याला फोन करून ठेव म्हणाली दादाला.

काल चारला पुन्हा हात उठला. काकूनं बघितलं.

"हल्ली दाराकडे काय दाखवतात रे हे?"

काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, वारा लागत असेल.

"अगं बाई, मला मेलीला कसं कळलं नाही," म्हणत काकू उठली, त्यांच्या पायावरची चादर नीट केली आणि जाऊन दार लावून आली.